गुरुत्वीय लहरी टिपणारे आरसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहरी अंतराळातून येतात, मग त्या पकडायला आरसा कशाला?

कारण ही लहर दिसत नाही, ऐकू येत नाही, ती फक्त अंतर बदलते. ती अंगावरून गेली की एका दिशेतलं अंतर कणभर ताणलं जातं आणि काटकोनातल्या दिशेतलं कणभर आकसतं. पुढच्या क्षणी उलट. हे मोजायला दोन गोष्टी हव्यात: जिचं अंतर मोजायचं ती वस्तू आणि मोजपट्टी. मोजपट्टी म्हणजे लेसरचा प्रकाश. वस्तू म्हणजे आरसा.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचे दोन शोधक आहेत. प्रत्येकाला काटकोनात ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा. कोपऱ्यात लेसरचा झोत दुभागतो, दोन्ही टोकांच्या आरशांवरून परततो आणि पुन्हा एकत्र येतो. परतलेल्या प्रकाशलाटा एकमेकींवर कशा बसतात यावरून कुठली भुजा किती बदलली ते कळतं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. इतक्या प्रचंड घटनेने ४ किलोमीटरची भुजा किती हलली? प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम चारशेव्या भागाइतकी, आणि तीही सेकंदाच्या पाचव्या भागापुरती.

म्हणून हा आरसा एकाच वेळी दोन नोकऱ्या करतो. प्रकाशाला त्याच्यात उत्तम भिंत हवी असते, तर गुरुत्वाला हवा असतो मोकळा, शांत, स्वतःहून जराही न थरथरणारा दगड. या दोन नोकऱ्यांचं आपसांत फारसं पटत नाही. खाली जे काही सांगितलंय त्यातलं बरंचसं या भांडणाबद्दलच आहे.

हा आरसा दिसतो कसा?

आरशासारखा अजिबात नाही. तो स्वच्छ, पारदर्शक काचेचा जाडजूड ठोकळा असतो: व्यास ३४ सेंटिमीटर, जाडी २० सेंटिमीटर, वजन ४० किलो. समोर उभे राहिलात तर तुमचा चेहरा नीट दिसणार नाही, उलट पलीकडची माणसं दिसतील. त्याचं परावर्तन मुख्यतः १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशापुरतं असतं आणि तो रंग आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. दृश्य प्रकाशात लेपाची एखादी रंगछटा तेवढी चमकून जाते.

काच म्हणजे फ्यूज्ड सिलिका, अत्यंत शुद्ध सिलिकॉन डायऑक्साइड. लायगोच्या पहिल्या पिढीतले आरसे २५ सेंटिमीटर व्यासाचे आणि ११ किलोच्या आत होते. पुढे ते वाढवले, कारण जड वस्तू प्रकाशाच्या धक्क्याने कमी हलते आणि मोठ्या आरशावर झोतही रुंद पाडता येतो. झोत रुंद का हवा, ते पुढे येईलच.

साधा चांदीचा मुलामा का चालत नाही?

इथे आकडेमोड करूनच बघावी. आत येणारा लेसर साठेक वॅटचा असतो, पण आरशांच्या जोड्यांमध्ये तो कोंडला जातो. प्रत्येक भुजेत प्रकाश जवळपास ३०० फेऱ्या मारतो, शिवाय लेसरकडे परत निघालेला प्रकाशही आणखी एक आरसा पुन्हा आत पाठवतो, त्यामुळे भुजेतली शक्ती ३०० किलोवॅटच्या पुढे जाते. चांदीचा मुलामा उत्तम असला तरी शेकड्यात एक-दोन टक्के प्रकाश गिळतोच. ३०० किलोवॅटचे दोन टक्के म्हणजे ६ किलोवॅट उष्णता, तीही हाताच्या तळव्याएवढ्या जागेत. मुलामा क्षणात जाईल, काचेचंही काही खरं नाही.

म्हणून धातू बादच. त्याऐवजी दोन पारदर्शक पदार्थांचे थर आलटून पालटून चढवतात: सिलिका आणि टायटॅनियम मिसळलेलं टँटॅलम ऑक्साइड. प्रत्येक थराची जाडी त्या पदार्थातल्या तरंगलांबीच्या साधारण पाव भागाइतकी, म्हणजे सिलिकाचा थर १८० नॅनोमीटरच्या आसपास आणि दुसरा १३० च्या. प्रत्येक सीमेवरून थोडासाच प्रकाश परततो, पण जाडी अशी बेतलेली असते की या सगळ्या परतलेल्या लाटा एका तालात येतात आणि बेरीज होते. टोकाच्या आरशातून दहा लाखांपैकी पाचेक फोटॉनच पलीकडे निसटतात. लेप शोषून घेतो तो प्रकाश दहा लाखांत अर्ध्या भागाहूनही कमी. म्हणजे ६ किलोवॅटच्या जागी एक पंचमांश वॅटसुद्धा नाही.

भुजेच्या सुरुवातीचा आरसा आणि टोकाचा आरसा सारखेच का?

नाही. सुरुवातीचा मुद्दाम थोडा गळका ठेवतात, साधारण १.४ टक्के. प्रकाशाला आत शिरायला वाट हवी ना!

हे थर इतके एकसारखे चढवतात कसे?

निर्वात पेटीत आयनांचा झोत टँटॅलम किंवा सिलिकाच्या लक्ष्यावर मारतात. तिथून उडालेले अणू समोर फिरत असलेल्या काचेवर बसत जातात. काम संथ आणि चिकट. लायगो आणि विर्गो या इटलीतल्या तशाच शोधकाच्या मोठ्या आरशांचे लेप फ्रान्समध्ये, लियाँजवळच्या एका प्रयोगशाळेत चढवले गेले. तिथे दोन आरसे एकाच वेळी, ग्रहांसारखे स्वतःभोवती आणि एका मध्याभोवती फिरवत लेपले गेले. जोडी एकदम केल्याने दोन्ही भुजांमधले आरसे जुळे निघतात. एक भुजा दुसरीहून वेगळी वागली, तर लेसरमधला गोंगाट दोन्हीकडून येऊन एकमेकांत विरघळायला हवा तो विरघळत नाही.

या फिरण्याचीही खूण राहिलीच. सुरुवातीच्या काही टोकाच्या आरशांवर लेपाच्या जाडीत अगदी सूक्ष्म सर्पिल नक्षी उमटली आणि तिच्यावरून थोडा प्रकाश भलतीकडे विखुरला. कुंभाराच्या चाकावरच्या मडक्यावर बोटांच्या रेघा राहतात तशी ही नक्षी.

‘अणूपेक्षा गुळगुळीत’ म्हणतात, ही जाहिरातबाजी तर नाही?

वाक्य ऐकून मीही पहिल्यांदा भुवया उंचावल्या होत्या. अणूपेक्षा लहान खड्डा कसा असेल? पण इथे मोजतात ती सरासरी उंची, एका बिंदूची नव्हे. झोताला एकेक अणू दिसत नाही, त्याला पृष्ठभागाच्या एका पट्ट्याची सरासरी पातळी दिसते. त्या सरासरीतले बारीक चढउतार ०.२ नॅनोमीटरच्या आत ठेवलेले असतात, आणि मधल्या भागात आरशाचा एकूण आकार ठरवलेल्या आकारापासून नॅनोमीटरभरही ढळत नाही. आरसा फुगवून ३४० किलोमीटर रुंद केला, तर त्यावरचे उंचवटे मिलिमीटरच्या आत राहतील.

मला याहून गंमत वाटते ती वक्रतेची. हे आरसे सपाट नसतात, किंचित खोलगट असतात, नाहीतर ४ किलोमीटर जाताना झोत पसरत सुटेल. टोकाच्या आरशाची वक्रतात्रिज्या साधारण २२४५ मीटर. म्हणजे ३४ सेंटिमीटरच्या तबकडीत कडेपेक्षा मध्य किती खोल? सुमारे साडेसहा मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या जाडीचा दहावा भाग. हाताने चाचपून तो सपाटच म्हणाल. (चाचपायचं मात्र नाही. का ते खाली.)

आरशातले अणू उष्णतेने सतत थरथरतात. मग प्रोटॉनहून लहान हालचाल कळते कशी?

या यादीतला हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. खोलीच्या तापमानाला काचेतला एकेक अणू जितका हलतो, त्याच्या कोट्यवधी पट लहान हालचाल आपण मोजतोय.

उत्तर पुन्हा सरासरीतच आहे. टोकाच्या आरशावर झोताची त्रिज्या सुमारे ६ सेंटिमीटर असते. तेवढ्या जागेच्या वरच्याच थरात एकावर सतरा शून्यं इतके अणू असतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. सगळ्यांची बेरीज करता थरथर जवळजवळ मिटते. शिवाय अणूंची ही थरथर फार वरच्या वारंवारतेची असते, आणि आपल्याला हवी असते साधारण १० हर्ट्‌झपासून काही हजार हर्ट्‌झपर्यंतची. झोत जितका रुंद, तितके जास्त अणू सरासरीत आले. मघाचा मोठ्या आरशाचा मुद्दा तो हाच.

जवळजवळ मिटते असं म्हटलं. पूर्ण मिटत नाही, आणि खरी गोची तिथूनच सुरू होते.

सगळ्यात त्रासदायक गोष्ट कुठली?

लेप. ज्याने आरसा आरसा झाला तोच.

घंटेवर टोला मारा. चांगल्या ओतकामाची घंटा बराच वेळ घुमते, तडा गेलेली ‘थड्’ करून गप्प होते. गप्प होणारी घंटा आपली ऊर्जा उष्णतेत घालवते. भौतिकीचा एक पक्का नियम असा: जो पदार्थ कंपनांची ऊर्जा उष्णतेत सहज घालवतो, तोच पदार्थ उलट्या वाटेने उष्णतेमुळे सगळ्या वारंवारतांवर कुरकुरत राहतो. जो छान घुमतो तो आपली उष्णतेची थरथर स्वतःच्या मोजक्या स्वरांत गोळा करतो आणि मधल्या जागा शांत ठेवतो. फ्यूज्ड सिलिका अप्रतिम घुमते. टँटॅलम ऑक्साइडचे थर तिच्यापुढे तडा गेलेल्या घंटेसारखे, हजारो पटींनी जास्त ऊर्जा घालवणारे.

आणि हे थर बसतात कुठे? नेमके तिथे, जिथे प्रकाश आदळतो. १९९८ मध्ये युरी लेविन यांनी हा हिशेब सोप्या वाटेने करून दाखवला: झोताच्या आकाराचा एक काल्पनिक दाब आरशाच्या तोंडावर द्यायचा आणि त्यात कुठे किती ऊर्जा वाया जाते ते पाहायचं. त्यावरून कळतं की आरशाच्या मागच्या बाजूचा दोष फारसा भोवत नाही, तोंडावरचा मात्र पुरेपूर भोवतो. २० सेंटिमीटर जाड निर्दोष काच, तिच्यावर सहाएक मायक्रॉनचा लेप, आणि १०० हर्ट्‌झच्या आसपास त्या लेपाचीच कुरकुर सगळ्या यंत्राला मर्यादा घालते. ४ किलोमीटर लांबीच्या यंत्राचं भवितव्य केसाहून बारीक पापुद्र्यावर अडकलंय, ही गोष्ट मला अजूनही पचत नाही.

उपाय? टँटॅलममध्ये टायटॅनियम मिसळणं हा त्यातलाच एक होता आणि त्याने फरक पडला. नवनवी मिश्रणं शोधणं चालूच आहे. दुसरीकडे गॅलियम आर्सेनाइडच्या जातीचे स्फटिकी थरही तपासले जाताहेत. ते छान घुमतात, पण इतक्या मोठ्या आकारात निर्दोष वाढवून काचेवर चिकटवणं सोपं नाही.

आरसा काचेच्या धाग्यांवर टांगतात हे खरं? तुटत नाही?

खरं आहे, आणि धागा तुटतोही.

आरसा मोकळा हवा, म्हणून तो लोलकासारखा टांगतात. एका लोलकाने भागत नाही, एकाखाली एक असे चार. जमिनीचा हादरा प्रत्येक पायरीला झिरपत कमी होतो. वरचे दोन टप्पे धातूचे, खालची दोन वस्तुमानं काचेची. शेवटचा आरसा चार सिलिका धाग्यांवर लोंबतो: सुमारे ६० सेंटिमीटर लांब आणि ०.४ मिलिमीटर जाड. प्रत्येकावर दहा किलोचा भार. तार वापरली असती तर ती पुन्हा तडा गेलेल्या घंटेसारखी वागली असती.

हे धागे सिलिकाच्या जाड काडीला कार्बन डायऑक्साइड लेसरने तापवून, वितळलेल्या भागाला झटक्यात ताणून ओढतात. ताज्या धाग्याची ताकद पोलादाला लाजवेल अशी असते. पण त्याला बोट लागलं की संपलं. बोटावरच्या धुळीने पडलेला अदृश्य ओरखडा हळूहळू तडा बनतो, आणि तो कधी जाईल ते सांगता येत नाही. म्हणून धाग्याच्या मधल्या भागाला कधीच कुणी हात लावत नाही, पकडायचं ते जाड टोकांना. टोकं आरशाच्या बाजूला बसवलेल्या काचेच्या ‘कानां’ना लेसरने वितळवून जोडतात. हे कान चिकटवायला डिंक नसतो. अल्कलीच्या पातळ द्रावाचा थेंब मध्ये ठेवला की दोन काचा रासायनिकरीत्या एकजीव होतात. ही युक्ती मुळात ग्रॅव्हिटी प्रोब बी या अंतराळ मोहिमेसाठी काढलेली.

इटलीतल्या विर्गोला धुळीचा धडा महागात पडला. तिथे टांगलेले धागे निर्वात कक्षात एकामागून एक तुटू लागले. कारण निघालं ते कक्षात हवा सोडताना पंपांकडून उडालेले बारीक कण, जे धाग्यांवर जाऊन आदळत होते. शेवटी ऑगस्ट २०१७ मध्ये विर्गो निरीक्षणात उतरला तो पोलादी तारांवर आरसे टांगून. काचेचे धागे त्यानंतर पुन्हा बसवले.

आरसा घाण झाला तर पुसतात कसा?

पुसत नाहीत. पुसणं म्हणजे धूळ काचेवर घासणं. शिकत असताना मी एक छोटा लेसरचा आरसा ॲसिटोन लावलेल्या कागदाने एकाच रेषेत, एकाच ओढीत, अगदी पुस्तकात सांगितल्यासारखा पुसला होता. अंधारात तिरका टॉर्च मारला तर एक लांब चकाकती रेघ. कागदाखाली एक कण होता, बस. आरसा फेकावा लागला.

मोठ्या आरशांवर द्रवरूप पॉलिमरचा लेप लावतात. तो वाळून लवचीक कातडीसारखा झाला की एका कडेने हळूच सोलतात आणि धूळ त्याच्यासोबत निघून येते. सोलताना काचेवर विद्युतभार जमतो, तो काढायला आयन मिसळलेला वायू फुंकतात. भार राहिला तर आजूबाजूच्या विद्युतक्षेत्रांनी आरसा ओढला जाईल, म्हणजे आपणच आपल्याला खोटी लहर दाखवू.

इतका प्रकाश आदळून आरसा ढकलला जात नाही?

जातो. ३०० किलोवॅट पूर्ण परावर्तित झाले की बल येतं सुमारे दोन मिलिन्यूटन, म्हणजे पाव ग्रॅमहून थोडं कमी वजन. ४० किलोच्या लोलकाला ते कळतं आणि नियंत्रक ते सांभाळून घेतात. स्थिर धक्क्याचं काही वाटत नाही. त्रास देतो तो अस्थिर धक्का: फोटॉन एकेक करून येतात, कधी जास्त, कधी कमी. हा पुंजभौतिकीतला गोंगाट आहे. २०२० मध्ये लायगोच्या गटाने दाखवून दिलं की प्रकाशाच्या या पुंज-थरथरीने ४० किलोचे आरसे खरोखर हलतात, अगदी प्रोटॉनच्या लाखाव्या भागाहूनही कमी.

यावर पिळलेला प्रकाश वापरतात: अनिश्चितता ज्या बाजूला नको तिथून ढकलून दुसरीकडे सारायची. खालच्या आणि वरच्या वारंवारतांना ती वेगवेगळ्या बाजूंना सारायला लागते, म्हणून लायगोत ३०० मीटर लांबीची वेगळी आरशांची जोडी बसवली आहे. तीही निर्वातात, तीही टांगलेली.

एक पंचमांश वॅटहून कमी उष्णतेने काय होणार?

काचेचा मधला भाग किंचित तापतो, तिथे अपवर्तन बदलतं आणि आरसा नको असताना भिंग बनतो. म्हणून आरशाच्या पाठीमागच्या परिघाभोवती तापवणारं कडं असतं. कडा तापवून समतोल आणायचा. सोबत एक वेगळी काचेची तबकडी असते, तिच्यावर कार्बन डायऑक्साइड लेसरने हवी तशी उष्णता टाकून उरलेलं भिंग खोडतात.

सगळ्यात हट्टी दुखणं म्हणजे लेपात रुतलेले एकटेदुकटे सूक्ष्म ठिपके. काहींमध्ये ॲल्युमिनियम सापडलं. सरासरीने पाहिलं तर आरसा निर्दोष, पण ठिपक्याच्या जागी काच फुगून टेंगूळ येतं, प्रकाश भरकटतो आणि शक्ती वाढवता येत नाही. अशा टेंगळावर कड्याचाही इलाज चालत नाही. ठिपका फार त्रास देणारा निघाला तर अख्खा आरसाच बदलावा लागतो.

आरसा ‘गाऊ’ लागतो म्हणतात, म्हणजे काय?

छान घुमण्याची किंमत म्हणा. २०१४ मध्ये लिव्हिंग्स्टनला भुजेतली शक्ती ५० किलोवॅटच्या आसपास नेताच काचेचा १५ किलोहर्ट्‌झचा एक नैसर्गिक स्वर आपोआप चढू लागला. प्रकाश काचेला झुलवतो, झुलती काच प्रकाशाचा आकार बदलते, बदललेला प्रकाश तिला आणखी झुलवतो. आवरलं नाही तर यंत्राचा ताबा सुटतो. आधी मघाच्या कड्याने वक्रता थोडी बदलून सूर बिघडवला. नंतर आरशांच्या बाजूला बोटाच्या पेराएवढे दमक चिकटवले. ते नेमके असे स्वर खाऊन टाकतात आणि ऐकण्याच्या पट्ट्यात फारशी कुरकुर वाढवत नाहीत. घंटा घुमू द्यायची, पण ठरावीक स्वरांवर बोट ठेवायचं.

जपानमध्ये आरसे गोठवतात ते कशासाठी?

थरथर उष्णतेची, तर उष्णताच काढा, हा सरळ विचार. कामिओकाच्या डोंगराखालच्या काग्रा या शोधकामध्ये आरसे सुमारे २० केल्व्हिनपर्यंत थंड करण्यासाठी बनवलेले आहेत. पण फ्यूज्ड सिलिका थंडीत घुमणं सोडते, म्हणून तिथले आरसे नीलमणी स्फटिकाचे: २२ सेंटिमीटर व्यास, २३ किलो. टांगायचे दांडेही नीलमण्याचे आणि चांगले जाड, कारण लेसरची उष्णता त्यांच्यातूनच वर वाहून न्यायची असते. इथे तिसरी नोकरी आली, उष्णतेची वाट होणं. जाड दांडा हादरेही वर-खाली नेतो. एकाला समाधान दिलं की दुसरा रुसतो.

पुढच्या यंत्रांत काय बदलणार?

युरोपात आखलेल्या आइन्स्टाइन टेलिस्कोपसाठी सुमारे २०० किलोचे, थंड केलेले सिलिकॉनचे आरसे डोळ्यांसमोर आहेत. सिलिकॉन १०६४ नॅनोमीटरला अपारदर्शक, त्यामुळे लेसरचा रंगही बदलावा लागेल. अमेरिकेतल्या कॉस्मिक एक्सप्लोररच्या आराखड्यात ४० किलोमीटरच्या भुजा आणि ३२० किलोचे सिलिकाचे आरसे आहेत.

अंतराळात आखलेल्या लिसा या शोधकालाही असेच आरसे लागतील का?

नाही. लिसाची तीन यानं एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर असतील. एवढं अंतर कापून झोत इतका पसरतो की आरशावरून परत पाठवण्याजोगं काही उरतच नाही. समोरचं यान आलेल्या क्षीण प्रकाशाच्या तालावर आपला ताजा लेसर उलट पाठवतं. आणि मोकळा दगड? प्रत्येक यानाच्या पोटात सोने-प्लॅटिनमच्या मिश्रणाचे ४६ मिलिमीटरचे दोन ठोकळे, साधारण दोन-दोन किलोचे. त्यांना ना धागा, ना दांडा. ते पोकळीत कशालाही न टेकता तरंगतात आणि यान त्यांच्याभोवती स्वतःला सावरत उडतं. ठोकळ्याची चकचकीत बाजू यानातल्या छोट्या लेसरपुरती आरसा असते, आणि तिच्यावर थरांचा लेप नाही, फक्त सोन्याचा मुलामा.